सहा दिव्यांची काच

पुण्याच्या लष्कर भागातल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराला मी तीन महिने रोज शिव्या घातल्या. भाकरी थापताना घातल्या, जोंधळे निवडताना घातल्या, देवापुढं बसूनसुद्धा घातल्या. त्याचं वाटोळं होवो, त्याच्या दुकानाला आग लागो, असलं काय काय. तो माणूस बिचारा सरळ होता. आता तो कुठला जिवंत असायला, पण त्याची माफी मागितल्याशिवाय मला पुढचं सांगवत न्हाई. चुकले रे बाबा. त्या शिव्या दुसऱ्याच्या वाटणीच्या होत्या.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. आमचं गाव चिटगुप्पा, घरी किराण्याचं दुकान. विसाव्या वर्षी मी पांढरं कपाळ घेऊन माहेरी आले. नवरा गुलबर्ग्याला एका फोटोवाल्याच्या हाताखाली होता. मालकाची अंधारी खोली गळायची, म्हणून काचेच्या प्लेटा धुवायला तो घरी आणायचा. आमची न्हाणी हीच अंधारी खोली. कंदिलाला लाल कापड बांधून मी त्याच्याशेजारी बसायची. आधी नुसतं पाणी ओतायला, मग प्लेटा हलवायला, मग एकटीनंच सगळं करायला. तो म्हणायचा, "तुझा हात माझ्यापेक्षा थंड हाय, प्लेट बिघडत न्हाई." चार वर्षं असं चाललं आणि तो तापानं गेला. कॅमेरा मालकाचा होता, तो मालक घेऊन गेला. मला सगळं येत होतं आणि त्याचा उपयोग कवडीचा नव्हता.

अण्णा माझा मोठा भाऊ. आमच्यात बारा वर्षांचं अंतर. आईबाप लवकर गेले, त्यानंच मला वाढवलं, त्यानंच माझं लग्न लावलं, आणि नवरा गेल्यावर बैलगाडी घेऊन मला न्यायलाही तोच आला. गावात कुणी म्हणालं, "बहीण आता इथंच राहणार का?" तर तो ताडकन म्हणायचा, "तिच्या बापाचं घर हाय." हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की भाऊ मुळातच वाईट होता. वाईट असता तर मी त्याच्या हातात माझ्या कॅमेऱ्याची पेटी दिली असती का?

खटकचिंचोळीचे पाटील आमचे जुने गिऱ्हाईक. पाटलांच्या बायकोला सगळा गाव अक्का म्हणायचा. एकदा बाजाराला आली असताना ती आमच्याकडं टेकली. बोलता बोलता म्हणाली, सुनेला दिवस गेलेत, सातव्यात डोहाळजेवण करायचं, तिला फुलांचे दागिने घालायचे आणि तिचा फोटो काढायचा. पण बायकांच्या घोळक्यात परका पुरुष माजघरात घ्यायला पाटील तयार न्हाईत.

"मला येतो की," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

"तुला? फोटो?"

"कॅमेरा असला तर."

वहिनी आतून खाकरली. तेव्हा मला माझं कपाळ आठवलं. म्हणाले, "पण अक्का, मी ही अशी. डोहाळजेवणात मी कशी चालेन?"

"अगं, तू काळ्या कापडात डोकं घालणार. तुझं कपाळ कोण बघायलंय?" अक्का खळखळून हसली. मग मला जवळ बसवून म्हणाली, "माझ्या ओळखीत दहा घरं हायत. परक्या पुरुषापुढं बसत न्हाईत म्हणून तिथल्या एका बाईचा फोटो न्हाई. तू कॅमेरा आण. माझ्या घरचा चांगला आला की बाकीची दहा मी बघते."

दहा घरं म्हणजे काय, ते माझ्यासारखीलाच कळेल. दहा घरं म्हणजे वहिनीच्या चुलीपुढं जन्मभर उकिडवं बसायचं न्हाई. माझी भाकरी माझी. सण आला की नव्या लुगड्यासाठी कुणाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई.

अण्णानं हे सगळं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुकानातून आला, पाय धुतले आणि म्हणाला, "पुण्याला जाऊ आपण. हैदराबादेत नवा घ्यायची आपली ऐपत न्हाई. तिकडं साहेबलोक विलायतेला परत जाताना जुने कॅमेरे विकून जातात म्हणं. स्वस्तात मिळंल."

मी तर उडालेच.

"पण एक अट हाय," तो म्हणाला. "एक बोहनी. पाटलांच्या घरची. ती जमली तर तुझी पेटी मी डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडीन. न्हाई जमली तर पेटी विकायची आणि पुन्हा फोटोचं नाव ह्या घरात काढायचं न्हाई."

"कबूल," मी म्हणाले. त्या वेळी त्यानं विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी मी कबूल म्हणाले असते.

आमच्या घरची एक रीत होती, ती इथं सांगितलीच पाहिजे. नवं हत्यार, मग ते तराजू असो, माप असो की अडकित्ता, विकत घेतलं की बांधून टाकायचं. तसंच बांधलेलं गाणगापूरला न्यायचं, दत्ताच्या पादुकांपुढं ठेवायचं, त्या दिवशी पाच घरं माधुकरी मागायची, आणि मग ते थेट पहिल्या गिऱ्हाइकापुढं उघडायचं. मधे उगाच सोडून बघायचं न्हाई. रिकाम्या तराजूनं वारा जोखला तर बरकत जाते, म्हणायचे. आज्यापासून हे चाललेलं. अण्णा म्हणाला, "कॅमेऱ्याचंही तसंच करू." मला त्यात वावगं काय वाटणार? उलट बरं वाटलं, की त्यानं माझ्या पेटीला तराजूचा मान दिला.

पुणं म्हणजे आम्हाला परमुलूखच. सोलापूरच्या अलीकडं निजामाची हद्द संपली आणि आमच्या रुपयाची किंमतच गेली. माझ्या पाटल्या मोडून आलेले निजामाचे हाली रुपये सोलापूरच्या सराफाकडं बदलून इंग्रजी कलदार करून घेतले, तेव्हा पुढं जाता आलं. पुण्यात मी एका बाईला रस्ता विचारला तर ती म्हणाली, "तुम्ही मद्रासकडच्या का?" मी मराठीच बोलत होते हो! अण्णा हसून हसून बेजार झाला. त्या प्रवासात आम्ही लहानपणी हसायचो तसे हसलो. हे आठवलं की अजून डोकं फिरतं.

तीन दिवस दुकानं पालथी घातली. आधी नव्या मालाच्या दुकानात गेलो. काचेच्या कपाटात कॅमेरे मांडलेले, आणि तिथल्या कारकुनानं किंमत सांगायच्या आधी आमच्या पायांकडं बघितलं. किंमत ऐकून आम्ही तसेच मागं फिरलो. मग जुन्या मालाकडं वळलो. एकाच्या कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता कातड्याचा, दिसायला झकास. मी आत डोकं घालून तो उन्हाकडं धरला तर भर दुपारी चांदण्या दिसल्या, एवढी भोकं. दुसऱ्याच्या भिंगाच्या काचेत बुरशीची जाळी धरलेली. तिसरा दुकानदार माझ्याशी बोलेचना, सगळं अण्णालाच सांगायला लागला. अण्णा त्याला म्हणाला, "मला काय सांगायलास? त्यातलं मला ओ का ठो कळत न्हाई. तिला कळतंय, तिच्याशी बोल." भर दुकानात, लोकांपुढं. माझी छाती फुगली.

तिसऱ्या दिवशी तो म्हातारा भेटला. लष्करात एका बोळाच्या तोंडाशी दुकान, पांढरी दाढी, डोळ्याला दोरीनं बांधलेला चष्मा. त्यानं मला एकदाही विचारलं न्हाई की बाईला हे कशाला. कॅमेरा तिकाटण्यावर चढवून दाराशी उभा केला आणि म्हणाला, "बघा." मी काळ्या कापडात डोकं घातलं. मागच्या दुधी काचेवर रस्ता उलटा आला. एक टांगा उलटा चालला होता आणि त्याच्या चाकाचा आरा न् आरा मोजून घ्यावा इतका स्वच्छ होता.

नवऱ्यानं मला एक परीक्षा शिकवली होती. पेटलेला दिवा काचेपुढं धरायचा आणि आत दिव्याच्या किती प्रतिमा दिसतात ते मोजायचं. नळीत भिंगं जितकी जास्त, तितके दिवे जास्त. साध्या काचेत दोन, माणसांचे चेहरे धरणाऱ्या चांगल्या काचेत सहा. मी म्हाताऱ्याकडं दिवा मागितला. तो मिशीत हसला आणि चिमणी लावून दिली. सहा दिवे. मी दोनदा मोजले. किंमत माझ्या पैशात बसत होती आणि वर प्लेटांचे दोन डबे येत होते.

"महिनाभरात काही वाटलं तर परत आणा, बदलून देईन," म्हातारा म्हणाला. मी लाल खारव्यात पेटी बांधली, वर गाठ मारली आणि मनात दत्ताचं नाव घेतलं. आता ती बोहनीलाच उघडायची.

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. सकाळी मी धर्मशाळेत न्हायला निघाले तेव्हा अण्णा म्हणाला, "पेटी दे इकडं. कातडी पट्टा बसवून आणतो, खांद्याला अडकवता येईल. काल तुझा हात सोलून निघालाय." तासाभरानं तो खारव्यावरूनच पट्टा लावून घेऊन आला, वर गाठ होती तशी. पट्टा चांगला रुंद होता. आपल्याला असा भाऊ दिला म्हणून मी देवाला हात जोडले. खरंच जोडले.

गाणगापूर रोडला उतरलो तर फलाटावर करोडगिरीचा माणूस. इंग्रजी मुलखातून आलेल्या मालावर निजामाची जकात. तो म्हणाला, पेटी उघडा. मी गाठीवर हात ठेवला. अण्णा पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "साब, मन्नत का सामान है. दर्गा हो या दत्त, मन्नत तो मन्नत है. बिल देखो, जकात लो, लेकिन गाठ मत खोलो." त्या माणसानं बिल बघितलं, जकात घेतली आणि गाठीला हात न लावता आम्हाला सोडलं. मी अण्णाकडं बघतच राहिले. माझ्या नवसासाठी केवढा भांडला हा, असं मला वाटलं.

गाणगापूरला पेटी पादुकांपुढं ठेवली, पुजाऱ्यानं वर फूल वाहिलं. मी पाच घरं हिंडून माधुकरी मागितली, अण्णा पेटी राखत बसला. तिथून गुलबर्गा, मग मोटार, मग बैलगाडी करत आम्ही थेट खटकचिंचोळीला पोचलो. घरीसुद्धा टेकलो न्हाई.

डोहाळजेवणाला माजघर बायकांनी गच्च भरलेलं. पाटलांची सून मधे पाटावर, अंगभर मोगरा आणि शेवंती, हातात फुलांचे गजरे, डोक्यावर फुलांचा मुकुट. सोळा-सतरा वर्षांची पोर. सारखी हसायची, आणि हसली की मुकुट घसरायचा. बायका ओसरीच्या दारातून सरकून बसल्या तेवढाच काय तो उजेड आत आला. मी गाठ सोडली, कॅमेरा उभा केला. समोर पितळी नळी होती, नळीच्या कडेला इंग्रजी अक्षरं होती. मला इंग्रजी येत न्हाई. पुण्यातही अक्षरं होती, इथंही होती.

काळ्या कापडात डोकं घातलं. चाक पुढं फिरवलं, मागं फिरवलं, तरी पोरीचं तोंड काही जुळून येईना. भिजलेल्या कागदावर शाई फुटावी तसं सगळं पसरलेलं. मला वाटलं, माझे डोळेच भरलेत. पदरानं पुसले. पुन्हा बघितलं, पुन्हा तेच. बाहेर बायका कुजबुजायला लागल्या, "किती वेळ गं?" पोर अवघडून बसली होती. मी मनाला समजावलं, दुधी काच जुनी असंल, प्लेटीवर नीट येईल. झाकण काढलं, आकडे मोजले, झाकण लावलं. अशा सहा प्लेटा काढल्या.

घरी येऊन न्हाणीत प्लेटा धुतल्या, कागद उन्हात ठेवून छापले. सहाही तसेच. पाट होता, फुलांचा ढीग होता, आणि तोंडाच्या जागी पांढुरका डाग. डोळे न्हाईत, नाक न्हाई, ते हसू न्हाई.

तरी मी ते घेऊन गेले. तोंड लपवणं माझ्यात न्हाई. अक्काकडं त्या दिवशी चारपाच जणी बसल्या होत्या. एक म्हणाली, "अगं बाई, ही सून का भूत?" दुसरी म्हणाली, "पिठाचा गोळा म्हणा." सगळ्या हसल्या. अक्काही हसली, खोटं कशाला बोलू? फक्त ती पोर म्हणाली, "असू द्या की. फुलं बरी आलीत." आणि एक फोटो उचलून आत घेऊन गेली. मी पैसे घेतले न्हाईत. दहा घरांची गोष्ट कुणी काढली न्हाई, मीही न्हाई.

घरी अण्णा म्हणाला, "झालं ना मनासारखं? करून बघितलंस, आता सोड." इतक्या मायेनं म्हणाला की मला रडू फुटलं. तो पाठीवरून हात फिरवत बसला.

पेटी विकायच्या आदल्या दिवशी मला कसं सुचलं कुणास ठाऊक. स्वयंपाकघराचं दार लोटून चिमणी पेटवली आणि काचेपुढं धरली. दिवे दोन. चिमणी वर केली, खाली केली, नळी फिरवली. दोनच. पुण्यात सहा होते हो! दोनदा मोजले होते मी!

"म्हाताऱ्यानं बांधताना काच बदलली," मी ओरडले. वहिनी म्हणाली, परमुलखातली माणसं, फसवायचीच. अण्णा म्हणाला, "जाऊ दे. आता भांडायला पुण्याला कोण जातंय?" पेटी गुलबर्ग्याच्या एका फोटोवाल्याला विकली. तिथून माझ्या शिव्या सुरू झाल्या. पण नुसत्या शिव्यांनी माझं पोट भरेना. अडीच महिन्यांनी, अण्णाला न सांगता, मी म्हाताऱ्याला एक जळजळीत पत्र लिहिलं. देवाच्या दारात जाब द्यावा लागेल, असं शेवटी लिहिलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अक्षर नीट, ओळी सरळ. त्यानं लिहिलं होतं: बाई, आपण गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपले बंधू पेटी घेऊन आले. बहिणीनं स्वस्तातली काच मागितली आहे, म्हणाले. मी त्यांना सांगितलं की ही एकेरी काच डोंगर-देवळांच्या देखाव्यांसाठी, तीही कडक उन्हातली. घरात माणसांचे चेहरे हिनं येणार नाहीत. ते म्हणाले, तीच द्या. वरचे पैसे मी त्यांना परत केले, त्यांच्या सहीच्या पावतीची नक्कल सोबत आहे. आपली पहिली काच विकली गेली, नाहीतर मी आजही बदलून दिली असती.

खाली मोडीत अण्णाची सही. ती सही मला मिटल्या डोळ्यांनी ओळखू येते. त्यानंच मला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली होती.

मी तशीच दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. पत्र तराजूच्या पारड्यात टाकलं. अण्णानं वाचलं, घडी केली.

"हे तू केलंस?"

"व्हय."

निदान खोटं तरी बोलायचं होतंस रे! मी म्हणाले, "कामून?"

तो खाली बघून बोलायला लागला. त्याच्या थोरलीसाठी उदगीरचं स्थळ आलं होतं. त्या लोकांना कुठून तरी कळलं की पोरीची विधवा आत्या पेटी घेऊन घरोघर फोटो काढत हिंडणार हाय. असं असंल तर विचार करावा लागंल, असा निरोप त्यांनी धाडला. आम्ही पुण्याला निघायच्या आधी.

"मग तोंडावर सांगायचं होतंस! मी भांडले असते, दोन दिवस जेवले नसते..."

"ऐकली असतीस का?"

"न्हाई!"

"मग," तो म्हणाला. घराकडं बोट करून म्हणाला, "तुझे पैसे मी खाल्ले न्हाईत. काचेचे आणि पेटीचे, दोन्ही देवघरातल्या डब्यात तुझ्या नावानं ठेवलेत. दमडी कमी न्हाई."

"खाल्ले असतेस तर बरं झालं असतं! चोराला चोर म्हणून मी मोकळी झाले असते." मी पत्र त्याच्या हातातून ओढून घेतलं. "अरे, काच बदलायची तरी काय गरज होती? कदाचित मला जमलंही नसतं. आपोआप पेटी विकली गेली असती. एकदा खरं-खरं हरू तरी द्यायचं होतंस मला."

अण्णानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "तुला जमणार हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या दुकानात काळ्या कापडातून तू तोंड बाहेर काढलंस, तेव्हाच कळलं. जमणार नसतं तर मी काच कशाला बदलली असती?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. माझ्या हातात काय हाय, हे सगळ्या जगात ज्या एका माणसाला ठाऊक होतं, त्यानंच ते मोडलं. दुकानदाराचा राग मला सोसत होता, तीन महिने मी तो मजेत सोसला. हा सोसेना. दत्ताच्या पादुकांपुढं खोटी पेटी ठेवताना त्याला देवाचं भय वाटलं नसंल का? मी पाच घरं भीक मागत होते तेव्हा ती पेटी मांडीवर घेऊन हा बसला होता.

"उद्या मी अक्काकडं जाते," मी म्हणाले. "हे पत्र दाखवते. डब्यातल्या पैशात दुसरी पेटी येते. अक्का पुन्हा बोलवंल, आणि मग बघू उदगीरकर काय म्हणतात ते."

"जाऊ नकोस," अण्णा म्हणाला.

"भितोस व्हय आता?"

त्यानं फडकं घेऊन मापं पुसायला घेतली. मला वाटलं, अब्रूला भ्यायला.

सकाळी गाडी मिळाली. पत्र कमरेला खोचून मी खटकचिंचोळीला उतरले. पाटलांच्या घरी शुकशुकाट. दारातल्या बाईनं माझ्याकडं बघून तोंड फिरवलं. आत माजघरात अक्का मांडीवर तान्हं लेकरू घेऊन बसली होती. समोरच्या भिंतीतल्या देवळीत मी काढलेला फोटो होता, चौकट केलेला, वर ताजं शेवंतीचं फूल.

मी खालीच बसले. अक्का म्हणाली, "बाळंतपणात गेली. महिना झाला. तुला अण्णानं सांगितलं न्हाई? दहाव्याला आला होता की."

मला वाटलं, आता म्हणंल, तुझंच पाऊल लागलं. पण ती तसं म्हणाली न्हाई. तिनं लेकराला देवळीकडं धरलं. "हिला रोज दाखवते. ही बघ तुझी आई, म्हणते. दुसरं काही न्हाई ना तिचं. तिच्या माहेरीही न्हाई. त्या दिवशी आम्ही हसलो गं तुला. आज वाटतं, एवढं तरी दिलंस."

पत्र कमरेला टोचत होतं.

"बरी आलीस," अक्का म्हणाली. "तुला एक विचारायचं होतं. इथं एक पाहुणा आला होता, तो म्हणाला, चांगली काच असती तर पोरीचं तोंड लख्ख आलं असतं. डोळे, हसू, सगळं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. खरं का गं ते? आलं असतं तोंड?"

आलं असतं. सहाही प्लेटांत आलं असतं. कमरेतलं पत्र काढून वाचलं की माझं नाव धुतलं जात होतं, पेटी परत येत होती, दहा घरं परत येत होती. आणि ह्या बाईला कळणार होतं की तिच्या सुनेचं तोंड येणार होतं, ते कुणीतरी मुद्दाम येऊ दिलं न्हाई. मग ती त्या देवळीकडं रोज कशी बघणार होती? हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. ते लेकरू त्या पांढऱ्या डागाकडं टक लावून बघत होतं.

"न्हाई अक्का," मी म्हणाले. "ह्या माजघरात तेवढा उजेडच न्हाई. कुठल्याही काचेनं असंच आलं असतं."

हे म्हणतानाच मला कळत होतं की मी काय करायलेय. सगळ्यांची माजघरं अशीच अंधारी, मग मला फोटोला कोण बोलावणार? दहाही घरं तिथंच संपली.

अक्कानं मोठा श्वास सोडला. पदरानं डोळे पुसले. "मग बरं. म्हणजे तिच्या नशिबातच नव्हतं ते."

"व्हय," मी म्हणाले, आणि अण्णाला वाचवलं. त्याला वाचवायचं माझ्या मनात नव्हतं.